काठमांडू–लुक्ला हवाई मार्ग

पूर्व नेपाळच्या सोलुखुंबू जिल्ह्याला राजधानीशी जोडणारा देशांतर्गत हवाई मार्ग. काठमांडूचा त्रिभुवन विमानतळ (उंची 1,338 मी.) आणि लुक्ल्याचा तेनझिंग–हिलरी विमानतळ (2,845 मी.) हे दोन्ही जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर, 27° 41′ उत्तर या रेषेलगत आहेत. त्यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे 135 किमी. असून ट्विन ऑटरसारखे लहान विमान ते साधारण 30 ते 35 मिनिटांत कापते. रस्ता जिरीपर्यंतच होता, त्या काळात तेथून लुक्ल्याला पायी पोहोचण्यास सुमारे आठवडा लागे.

लुक्ल्याची धावपट्टी 1964 मध्ये एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने तयार झाली. खुंबूत उभारल्या जाणाऱ्या शाळा-दवाखान्यांसाठी सामान नेणे हा तिचा मूळ हेतू. सपाट शेतजमीन देण्यास शेतकरी राजी नव्हते, म्हणून शेर्पांकडून उतारावरची जमीन विकत घेण्यात आली. धावपट्टीचे डांबरीकरण 2001 मध्ये झाले. तेनझिंग आणि हिलरी यांचे नाव विमानतळाला 2008 मध्ये देण्यात आले.

धावपट्टी अवघी 527 मी. लांब असून तिचा चढ 11.7 टक्के आहे. म्हणजे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा सुमारे 60 मी. उंच. खालच्या टोकाशी दूधकोशीच्या खोऱ्याकडे तुटलेला कडा, तर वरच्या टोकाशी दगडी भिंत आणि मागे डोंगर. त्यामुळे विमान नेहमी दरीकडून येऊन चढावर उतरते आणि डोंगराकडून उतारावर धावत उड्डाण घेते. चढामुळे उतरणाऱ्या विमानाचा वेग लवकर कमी होतो, तर उतारामुळे निघणाऱ्या विमानाला विरळ हवेतही पुरेसा वेग मिळतो. मात्र उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात माघार घेऊन पुन्हा फेरी मारण्यास वाव नाही. ऑक्टोबर 2008 मध्ये धुक्यात उतरताना झालेल्या अपघातात 18 जणांचा मृत्यू झाला.

उड्डाणे मुख्यतः सकाळी होतात. दिवस चढतो तसे दरीतून वारे वाढतात आणि ढग चढून खिंडी झाकतात. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसणे आवश्यक असल्याने पावसाळ्यात अनेक फेऱ्या रद्द होतात.

वसंत आणि शरद या गर्दीच्या हंगामांत काठमांडूच्या विमानतळावरील ताण कमी करण्यासाठी बरीच उड्डाणे रामेछाप जिल्ह्यातील मन्थली येथून सोडली जातात. मन्थली–लुक्ला हवाई अंतर सुमारे 75 किमी. असून उड्डाणास 15 ते 20 मिनिटे लागतात. परंतु काठमांडूहून मन्थलीला मोटारीने पोहोचण्यासच चार-पाच तास जातात. सकाळचे विमान गाठायचे तर मध्यरात्रीनंतर लगेच निघावे लागते.

एव्हरेस्टच्या दक्षिण बाजूकडे जाणाऱ्या बहुतेक गिर्यारोहकांची पायी वाटचाल लुक्ल्यापासून सुरू होते. खुंबूतील रुग्णांना राजधानीत आणण्याचाही हा महत्त्वाचा मार्ग आहे. प्रवासाचे वेळापत्रक आखताना उड्डाणाच्या मिनिटांवर विसंबू नये. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी किमान एक-दोन दिवस राखीव ठेवावेत.