लोअर हट : डोंगर व पायवाटा

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या दक्षिण टोकाशी, वेलिंग्टन बंदरालगत वसलेल्या लोअर हट शहराच्या (लोकसंख्या सु. १,०५,०००, २०१८) पूर्वेस रेमुटाका डोंगररांग (२०१७ पर्यंत रिमुटाका) व पश्चिमेस बेलमाँटच्या टेकड्या आहेत. रांगेतील सर्वोच्च शिखर मौंट मॅथ्यूज (९४१ मी.). कळसूबाईपुढे ते ठेंगणे. पण चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून असते, दिवस पुरा लागतो आणि वाटेतली ओरोंगोरोंगो नदी पाण्यात उतरूनच ओलांडावी लागते. पावसानंतर तो विचार सोडावा. कॅचपूल खोऱ्यातून नदीपर्यंत बीचवृक्षांच्या रानातून जाणारी दोनेक तासांची पायवाट नवख्यांनाही झेपते.

२३ जानेवारी १८५५ च्या भूकंपाने (परिमाण सु. ८.२) येथील किनारा वर उचलला गेला, तुराकिराए भूशिराशी हा उठाव सु. ६ मी. होता. मुकामुका येथील खडकांना भरतीत वळसा घालणे पूर्वी जिकिरीचे होते. भूकंपानंतर तेथे वाळूची पट्टी उघडी पडून वायरारापाकडे मेंढरे हाकणे सोपे झाले.

सर्वांत उल्लेखनीय वाट ईस्टबोर्नच्या दक्षिणेकडील पेंकॅरो किनाऱ्याची (सु. ८ कि.मी., सपाट, सायकलीही चालतात). तिच्या शेवटी डोंगरमाथ्यावर पेंकॅरो दीपगृह आहे. येथे १८५२ पासून घराच्या खिडकीतच दिवा लावला जाई. राखणदार जॉर्ज बेनेट १८५५ मध्ये बुडून मरण पावला. मुलाबाळांचा संसार सांभाळून पत्नी मेरी जेन हिने दिवा तेवत ठेवला. १ जानेवारी १८५९ रोजी ओतीव लोखंडाचे दीपगृह सुरू झाले तेव्हा प्रमुख राखणदार म्हणून तिचीच नेमणूक झाली. १८६५ पर्यंत तिने हे काम केले; न्यूझीलंडमध्ये या पदावर दुसरी स्त्री झाली नाही. १९३५ मध्ये बेअरिंग हेड येथे नवे दीपगृह झाल्यावर जुने बंद पडले. बेअरिंग हेडला १९७२ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइडही मोजला जातो. १० एप्रिल १९६८ च्या वादळात ‘वाहिने’ जहाज बुडाले. मृतांपैकी बहुतेकांचा अंत याच पेंकॅरो किनाऱ्यावर झाला.

बेलमाँटच्या कुरणांत दुसऱ्या महायुद्धकालीन दारूगोळ्याची काँक्रीट कोठारे विखुरलेली आहेत.

टेकड्यांवर मेंढ्या व गुरे चारली जातात. वाइनुइओमाटा व ओरोंगोरोंगो पाणलोटांतून वेलिंग्टन परिसराला पाणी मिळते. या पाणलोटांच्या राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय प्रवेश नाही.