आकड्यापासून ॲपपर्यंत : व्यसनाची रचना आणि सामूहिक संयम

प्रस्तावना

व्यसनाचा विचार बहुधा व्यक्तीच्या मनोनिग्रहाच्या अंगाने केला जातो. मोबाइलमध्ये गुंतलेल्या विद्यार्थ्यालाही हाच न्याय लावला जातो. तथापि काही सवयी आपोआप जडत नाहीत. त्या जडाव्यात अशी व्यवस्था उभारलेली असते, असे इतिहासाकडे पाहता दिसते. प्रस्तुत निबंधात मटका आणि मोबाइल ॲप या दोन व्यवस्थांची तुलना करून प्रतिकाराच्या मार्गांचा विचार केला आहे.

गिरणगावातील आकडा

रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या पगारावर चालत. त्याच गिरणगावात आकड्याचा जुगार फोफावला. प्रारंभी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या दरांवर पैजा लागत. पुढे १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मटक्याचा स्वतंत्र व्यवहार सुरू केला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ असे दोन आकडे निघत. किरकोळ रकमेची पैज, झटपट निकाल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी यांत मटक्याचे खरे बळ होते. जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून अस्तित्वात असूनही मटका थांबला नाही. त्याला मोठा फटका बसला तो १९८२ च्या गिरणी संपानंतर, खेळणाऱ्यांचा पगारच बंद पडल्यावर.

पडद्यामागील रचना

अनिश्चित बक्षिसाचे हे सामर्थ्य प्रयोगशाळेत त्यापूर्वीच दिसून आले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ मध्ये आपल्या प्रयोगांचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. कबुतराला प्रत्येक वेळी दाणा न देता अनियमितपणे दिला, तर ते अधिक चिकाटीने चोच मारीत राहते, असे त्या प्रयोगांत आढळले. ॲपची रचना याच तत्त्वावर चालते. २००६ मध्ये अझा रास्किन यांनी ‘इन्फिनिट स्क्रोल’ची, म्हणजे कधीही न संपणाऱ्या पानाची, पद्धत तयार केली, तिच्या परिणामांविषयी त्यांनी स्वतःच पुढे खेद व्यक्त केला. २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाइक’चे बटण आले. पान संपले की वाचक थांबतो. येथे थांबण्याची जागाच उरली नाही. मटक्याचा निकाल ठरलेल्या वेळी लागे, मोबाइलमध्ये तो क्षणोक्षणी लागतो. पणाला लागते ते लक्ष, आणि ते जाहिरातदाराला विकले जाते. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या टाळेबंदीत शिक्षणासाठीच मोबाइल मुलांच्या हाती आला.

प्रतिकाराचे मार्ग

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये वेगळा मार्ग स्वीकारला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच घरोघरी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद करून मुलांनी अभ्यासाला बसावे, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत हा नियम पाळावा, असे ग्रामस्थांनी ठरविले. या निर्णयाचे मर्म असे की, तो मुलांपुरता नव्हता. वडिलांच्या हातातील पडदा सुरू असताना मुलाला केलेला उपदेश व्यर्थ ठरतो. शिवाय सर्वांचेच मोबाइल बंद असल्याने आपण काही गमावत आहोत, ही रुखरुख उरत नाही. ॲपने काढून घेतलेली थांबण्याची जागा भोंग्याने परत मिळवून दिली.

नोटिफिकेशन बंद ठेवणे, झोपताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे हे वैयक्तिक उपायही उपयुक्त आहेत. परंतु रोज एकट्याने पाळायचे असल्याने ते लवकर ढिले पडतात. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मात्र न संपणारा पडदा तिच्या कक्षेबाहेरच राहिला. केवळ कायद्याने काय साधते, हे मटक्याच्या इतिहासाने दाखविलेच आहे.

समारोप

वडगावच्या दीड तासाने मोबाइलचे व्यसन सुटते, असा दावा करता येणार नाही. मात्र सामूहिक रचनेला सामूहिक रचनेनेच उत्तर देता येते, एवढे त्यातून स्पष्ट होते. महाविद्यालयांनाही वसतिगृहात, ग्रंथालयात आणि प्राध्यापक कक्षातही सर्वांनी मिळून पाळावयाची वेळ ठरविता येईल. विद्यार्थ्याच्या मनोनिग्रहाला दोष देण्यापूर्वी त्याच्या भोवती थांबण्याची जागा शिल्लक आहे काय, हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःला विचारणे अगत्याचे आहे.