सोळा रस्ते आणि पाच मीटर

लातूरची गंजगोलाई पाहिली नसेल तर आधी तिची रचना सांगतो. १९१७ सालची ही गोल बाजारपेठ. मधोमध दुमजली इमारत, देवीचं देऊळ आणि सगळीकडे फुटणारे तब्बल १६ रस्ते. ३६० भागिले १६, म्हणजे दोन रस्त्यांत जेमतेम साडेबावीस अंश! नवखा डोळस माणूसही इथे चुकतो. मग नांदेडहून एसटीने एकट्याच आलेल्या अंध प्रवाशाने काय करायचं? "मोबाइलमध्ये जीपीएस असतं की!" असं आपण पटकन म्हणून जातो. पण या उत्तरामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो अजून संपलेला नाही.

अंधांना उपग्रहाने वाट दाखवायची कल्पना तशी जुनीच. १९८५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या जॅक लूमिस यांनी ती मांडली. त्यांचे सहकारी रेजिनाल्ड गॉलेज हे भूगोलाचे प्राध्यापक, आणि १९८४ मध्ये त्यांची स्वतःची दृष्टी गेलेली. म्हणजे ज्याला गरज होती तोच माणूस संशोधनात होता. पाठीवरच्या पिशवीत संगणक आणि रिसीव्हर, कानाला हेडफोन, असा सगळा थाट. आणि जीपीएसची पूर्ण यंत्रणा कार्यान्वित झाली ती थेट १९९५ मध्ये!

आता खरी गंमत बघा. १९८३ मध्ये वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत युनियनने पाडलं आणि २६९ जण गेले. त्यानंतर अमेरिकेने जीपीएस नागरिकांसाठी खुलं करायचं जाहीर केलं. खुलं केलं खरं, पण नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालून. ही चूक १०० मीटरपर्यंत जायची. समुद्रातल्या जहाजाला १०० मीटर म्हणजे काहीच नाही. पण जिची पोच एखाद्या मीटरची, अशी पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला? तो भलत्याच गल्लीत! म्हणून सांता बार्बराच्या मंडळींनी दुरुस्तीचा उपाय वापरला. ज्याची जागा नेमकी ठाऊक आहे असा एक रिसीव्हर स्थिर ठेवायचा, त्याला किती चूक दिसते ते मोजायचं आणि तेवढी चूक चालणाऱ्याच्या रिसीव्हरमधून वजा करायची.

मे २००० मध्ये क्लिंटन यांच्या आदेशाने ती मुद्दाम घातलेली चूक बंद झाली. अंधांसाठीची हातात मावणारी उपकरणं व्यवहारात उपयोगी पडू लागली ती त्यानंतर.

भारतात अडचण आणखी एक. चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे आपल्या डोक्यावरचा आयनांबर फार चंचल. सिग्नल तिथे रेंगाळतो. १० नॅनोसेकंद उशीर म्हणजे ३ मीटर चूक. यावर इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने 'गगन' उभारलं. देशभरात १५ संदर्भ केंद्रं चूक मोजतात आणि दुरुस्ती उपग्रहामार्फत पाठवली जाते. म्हणजे सांता बार्बराचाच उपाय, फक्त देशाच्या आकाराचा. २०१५ मध्ये त्याला विमान धावपट्टीकडे उतरवण्यासाठी मान्यता मिळाली. थोडक्यात, विमानाची सोय झाली. पायी चालणाऱ्याचं काय?

मोकळ्या आकाशाखाली आजचा मोबाइल साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. गंजगोलाईत उभं राहायला एवढं पुरे. पण नांदेडच्या इतवाऱ्यासारख्या जुन्या भागातल्या अरुंद गल्लीत आकाशाची नुसती पट्टी दिसते आणि सिग्नल भिंतींवर आपटून येतो, तिथे हाच आकडा वाढतो. शिवाय, माणूस जागेवर उभा असेल तर जीपीएसला त्याचं तोंड कुठे आहे हे कळतच नाही. त्यासाठी मोबाइलमधलं होकायंत्र लागतं, आणि ते लोखंडी शटर किंवा गाड्यांजवळ बिचकतं. साडेबावीस अंशांच्या हिशेबात तेवढं बिचकणंही महाग पडतं. तिथे मिरचीचा ठसका आणि गुळाचा वास अजूनही जास्त भरवशाचे!

माझ्या मते मात्र सगळ्यात मोठी उणीव आकाशात नाही, नकाशात आहे. उपग्रहाने तुम्हाला ५ मीटरपर्यंत आणून सोडलं, पण नकाशावरची दवाखान्याची खूणच इमारतीच्या मागच्या बाजूला असेल तर? डोळस माणूस पाटी बघून वळतो. अंध माणूस भिंतीशी थांबतो. ब्लाइंडस्क्वेअर हे अंधांसाठीचं ॲप, किंवा मायक्रोसॉफ्टचं २०२३ मध्ये बंद झालेलं साउंडस्केप, दोन्हींनी ओपनस्ट्रीटमॅपचा आधार घेतला. म्हणजे कुणीही दुरुस्त करू शकेल असा, लोकांनी भरलेला नकाशा. आणि आपल्या गावांच्या नकाशात गल्ल्या भरतात, दारं राहून जातात.

तर मंडळी, दिवाळीला गावी जाल तेव्हा अर्धा तास काढा. घराजवळचा दवाखाना, बँक, एसटी स्टँडचं प्रवेशद्वार नकाशावर शोधा आणि खूण बरोबर दारावर आणून ठेवा. इस्रोला उपग्रह सोडायला जमतात, पण तुमच्या गल्लीतलं दार कुठे आहे ते तुम्हालाच माहीत!