क्वाड बाईकने मशागत : वाळूत भाजीचे वाफे

ऑक्टोबर लागला, उन्हाची धग उतरली की इथे यूएईत भाजीपाल्याचा हंगाम सुरू होतो. शारजातील अल धैदजवळ एका फार्मवर मालकाच्या परवानगीने आम्ही काही कुटुंबे मिळून मेथी, कोथिंबीर, मुळा लावतो. जमीन तयार करायला फार्मवरचीच क्वाड बाईक वापरतो. अनुभवातून जे शिकलो, ते इतरांना उपयोगी पडावे म्हणून देत आहोत.

नांगरणी नव्हे, कुळवणी

गाडीची ओढ केवळ इंजिनावर ठरत नाही, चाकांवर किती वजन पडते त्यावरही ठरते. क्वाड बाईक हलकी असते. तिला खोल नांगर लावला तर चाके जागच्या जागी फिरतात आणि वाळूत रुततात. कुळव किंवा छोटा डिस्क हॅरो मात्र ती सहज ओढते. इथल्या वाळूसर जमिनीत पालेभाज्यांसाठी 10 ते 15 सेंटिमीटर मशागत पुरते. जमीन कडक असेल तर ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलरच आणावा.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी 1994 मध्ये बुलेट मोटरसायकलला मागे दोन चाके व अवजारांची दांडी जोडून 'बुलेट सांती' बनवली. बैलजोडी परवडत नसलेल्या शेतकऱ्यांची आंतरमशागत व पेरणी तिने सोपी केली.

कामाचा क्रम

1. ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळून बाजूला ठेवा, नाहीतर कुळवात अडकून तुटतात.
2. आदल्या दिवशी हलके पाणी द्या. कोरडी वाळू नुसती उडते, चिखलात चाक रुतते. वाफसा आला की काम सुरू करा.
3. लो गिअरमध्ये सावकाश चालवा. पहिली पाळी उथळ, दुसरी आडवी.
4. कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट पसरून शेवटची पाळी द्या. वाळूत सेंद्रिय अंश फार कमी असतो, त्यामुळे पाणी व खत टिकत नाही. खरा फरक पडतो तो या खतानेच.
5. लागवडीपुरतेच पट्टे मोकळे करा. सगळी जमीन भुसभुशीत केली तर वाऱ्याने वाळू उडते.
6. दर तासाला गाडीला विश्रांती द्या आणि रेडिएटर व एअर फिल्टरवरची धूळ साफ करा.

सर्वात महत्त्वाचे

पहिल्या वर्षी आम्ही कुळवाची साखळी मागच्या कॅरिअरला बांधली होती. कुळव एका मुळात अडकला आणि पुढची चाके वर उचलली गेली. चालवणाऱ्याने वेळीच थ्रॉटल सोडला म्हणून गाडी अंगावर उलटली नाही. ओढ ॲक्सलच्या वरून लागली की असे होते. त्यामुळे अवजार नेहमी खालच्या हुकलाच जोडा. हेल्मेट घाला, मागे कोणालाही बसवू नका. मुलांनी कितीही हट्ट केला तरी अवजार जोडलेल्या गाडीजवळ त्यांना येऊ देऊ नका. त्यांच्यासाठी वाफ्यात बी टाकण्याचे काम राखून ठेवा.

मेथी महिन्याभरात काढणीला येते. घरची जुडी हातात घेतली की श्रमांचे चीज होते. सर्वांना हंगामाच्या शुभेच्छा!