'नाखवा' हा शब्द आला कुठून?

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. मुसलमान इथे आले ते उत्तरेकडून, घोड्यावर बसून, हातात तलवार घेऊन. दख्खनवर सुलतानांच्या स्वाऱ्या झाल्या, त्या कुणी नाकारत नाही. पण मंडळी, आपण समुद्राकाठची माणसं. आपल्या किनाऱ्याचा हिशोब वेगळा आहे, आणि तो कुणी फॉरवर्ड करत नाही. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

आधी वारा समजून घ्या. जुनी जहाजं शिडाची. अरबस्तानातून इकडे यायचं ते नैर्ऋत्येचा वारा धरून, आणि परत जायचं ते ईशान्येचा वारा सुटल्यावर. मधले महिने बंदरातच मुक्काम. आपण 'मोसमी' म्हणतो तो शब्दसुद्धा मूळ अरबी, 'मौसिम'. इतके महिने राहायचं तर घर हवं, वखार हवी, भरवशाचा माणूस हवा. काहींनी इथेच लग्नं केली. वारा फिरला तरी ते परत गेले नाहीत.

पहिली नोंद मात्र व्यापाराची नाही, हल्ल्याची आहे. तीही सांगायलाच हवी. 636 च्या सुमारास, खलिफा उमरच्या काळात, ओमानकडून आलेल्या आरमाराने ठाण्यावर चाल केली. खुद्द खलिफाला हा उद्योग आवडला नाही, त्याने आपल्या सुभेदाराला पत्र लिहून झापलं, असं अरब इतिहासकार बलाजुरी सांगतो. त्या हल्ल्यातून इथे कुणाचं राज्य उभं राहिलं नाही. वस्ती झाली ती पुढे, मालाच्या मागे.

916 साली अल-मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी चौलला आला. आपलं अलिबागजवळचं चौल. त्याने लिहून ठेवलंय की तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि बरेचसे इथेच जन्मलेले. त्यांच्यासाठी वेगळा शब्दच होता, 'बयासिरा'. तिथला राजा कोण? शिलाहार झंझ, शिवभक्त. या वस्तीचे तंटे सोडवायला तिच्यातलाच एक प्रमुख नेमला जाई, आणि तो नेमायचा हिंदू राजा. दिल्लीत सुलतान बसायला अजून जवळजवळ तीनशे वर्षं होती!

दहाच वर्षांनंतरचा पुरावा आपल्या पालघर जिल्ह्यातला. चिंचणीला सापडलेला ताम्रपट, शके 848, म्हणजे इ.स. 926. राष्ट्रकूट राजाने संजाणचा कारभार ज्याच्याकडे सोपवला होता तो 'ताजिक', म्हणजे अरब. नाव मधुमती. अभ्यासक सांगतात, हे मुहम्मदचं संस्कृत रूप. या अरब अधिकाऱ्याच्या संमतीने देवीच्या मठाला जमीन दिली गेली. त्याने नदी ओलांडायला फुकट होडी ठेवली आणि अन्नछत्र चालवलं.

आता यात फार भाबडेपणाही नको. राजाला जकात हवी होती, अरबी घोडे हवे होते. व्यापाऱ्याला सागवान, मिरी, कापड हवं होतं आणि माल बुडणार नाही याची हमी हवी होती. दोघांची गरज होती, म्हणून दोघे सांभाळून राहिले. मशिदी उभ्या राहिल्या त्या या व्यवहारात. धर्म पसरला तो लग्नातून, बंदरावरच्या कामधंद्यातून, शेजारातून, हळूहळू.

खूण आजही आहे. उत्तर भारतातले बहुतेक सुन्नी हनफी, आपले कोकणी मुसलमान शाफई. हाच शाफई पंथ येमेनमध्ये, मलबारात, श्रीलंकेत आणि थेट इंडोनेशियात. नकाशा समोर ठेवा, सगळी बंदरंच दिसतील. खैबरखिंडीची वाट वेगळी, ही वाट वेगळी.

आणि माहीम? दादरहून चालत जाता येईल इतकं जवळ. तिथल्या दर्ग्यातले मखदूम अली माहिमी (1372–1431) हे नवायत, म्हणजे समुद्रमार्गे आलेल्या अरबांचे वंशज मानल्या जाणाऱ्या समाजातले. आपल्या माहीमच्या या माणसाने कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं आणि ते पुढे इजिप्तच्या छापखान्यात छापलं गेलं. त्यांच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांच्या संदलचा असतो, हे दादर-माहीमकरांना सांगायला नको.

क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद बघा. 1802 मध्ये पुरी झाली, खाली पाण्याचा तलाव, वर दगडी कमानींवर मशीद. तिच्यामागे कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांचा पैसा. त्यांच्यातले महंमद अली रोगे हे चीनच्या व्यापारात जमशेटजी जीजीभॉयांचे भागीदार. रोगेंना म्हणत 'नाखुदा', फारसीत जहाजाचा धनी. आपल्या कोळीवाड्यातला 'नाखवा' तो हाच. बंदर, दर्या, खलाशी, सुकाणू हेसुद्धा फारसी-अरबीतून आलेले. वरळीचा कोळी होडी दर्यात लोटताना हे शब्द उसने म्हणून बोलत नाही. ते त्याचेच झालेत.

हे आज सांगायचं कारण साधं आहे. गिरगाव-दादरला घर भाड्याने देताना आडनाव ऐकून दार बंद होतं. समोरचा परकार किंवा दळवी असतो, घरात मराठी बोलतो, गाव चिपळूण नाहीतर श्रीवर्धन. हमीद दलवाई त्याच कोकणातले, मिरजोळीचे, आणि लिहिलं ते मराठीत. त्याला आपण विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" त्याचे पूर्वज चौलला होते तेव्हा आपली मुंबई सात बेटांवरची कोळ्यांची वस्ती होती. आपल्यातले बरेचजण तर गिरण्या निघाल्यावर इथे आले.

तो फॉरवर्ड परत आला तर भांडू नका. चौल, 916, एवढंच लिहा. आणि तुमच्या गावच्या बंदरात अशी जुनी मशीद, दर्गा किंवा मोहल्ला असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा. फोटो असेल तर उत्तमच.