त्सुंझचा अर्ज

दर जूनला पटावर नवी नावे चढवताना मला लिओपोल्ड त्सुंझ आठवतो. हा बर्लिनचा ज्यू पंडित; पोटासाठी त्यानेही मास्तरकी केली, म्हणून मला तो जवळचा.

ज्यूंनी मुलांना ख्रिस्ती नावे ठेवू नयेत, असा हुकूम १८३६ साली प्रशियाच्या सरकारने काढला. बर्लिनची ज्यू मंडळी त्सुंझकडे धावली. त्याने जुने ग्रंथ उपसले आणि १८३७ साली ज्यूंच्या नावांवर पुस्तकच लिहिले. बाबिलोनमध्ये बाबिलोनी, ग्रीकांच्या अमलात ग्रीक, अशी शेजाऱ्यांची नावे ज्यू लोक शतकानुशतके घेत आले आहेत, हे त्याने दाखवून दिले. सरकारी हुकमाला व्युत्पत्तीने उत्तर! मला तरी याची फार मौज वाटते.

त्याचा खरा हट्ट मात्र वेगळा होता. विद्यापीठात ग्रीक शिकवतात, लॅटिन शिकवतात. मग ज्यूंचा इतिहास आणि वाङ्मय का नाही? ख्रिस्ती धर्मशास्त्राची प्रस्तावना म्हणून नव्हे, स्वतंत्र विद्या म्हणून. १८४८ साली, क्रांतीच्या धामधुमीत, त्याने अशा अध्यासनासाठी अर्ज केला. बर्लिनच्या प्राध्यापकांनी नकार दिला. ज्यूंचे वेगळेपण बळकट करणे हे विद्यापीठाचे काम नव्हे, म्हणे! त्याचा जुना सोबती एडुआर्ड गान्स १८२५ साली बाप्तिस्मा घेऊन तिथेच प्राध्यापक झाला होता. त्सुंझने ती वाट धरली नाही.

इकडे आपल्या मुंबई विद्यापीठाने १८७१ साली जोसेफ इझिकेल राजपूरकर यांना हिब्रूचे परीक्षक नेमले. हे बेने इस्रायल, म्हणजे कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत त्या समाजातले. पेशाने हेडमास्तर; हिब्रू प्रार्थना त्यांनी मराठीत आणल्या.

बर्लिनच्या ज्यूंनी अखेर १८७२ साली स्वतःच्या पैशाने उच्च विद्यालय काढले. १९२३ साली क्षयाने खंगलेला फ्रान्झ काफ्का तिथल्या वर्गात जाऊन बसत असे. १९४२ साली नाझींनी ते बंद केले. शेवटपर्यंत शिकवणारे लिओ बेक १९४३ साली थेरेझिनश्टाटच्या छावणीत गेले, जगून परतले.

अमेरिकेत हार्वर्डने १९२५ साली असे अध्यासन हॅरी वुल्फसन यांना दिले. बर्लिनमध्ये विद्यापीठाने हा विषय आपला म्हणून घेतला तो १९६०नंतर, पश्चिम भागातल्या फ्री विद्यापीठात. तोवर शहरात ज्यू मुले फार थोडी उरली होती. बाकांवर बहुतेक जर्मन ख्रिस्ती घरांतली पोरे बसली.