उडीचा फटका : गुन्हा कीं कौशल्य?



इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आज मी आपणांस एका फटक्याचा इतिहास सांगणार आहें. पूल नांवाच्या खेळांत पांढरा चेंडू कधीं कधीं वाटेंत आडव्या आलेल्या चेंडूवरून उडी घेतो आणि पलीकडच्या चेंडूवर जाऊन आदळतो. खेळाडू या फटक्यास जंप शॉट म्हणतात. हा विषय निवडण्यास कारणही तसेंच घडलें.

दोन वर्षांपूर्वीं माझा नातू आपल्या मित्राबरोबर पूल खेळत होता आणि मी हौसेनें पंच होऊन बसलों होतों. नोकरीच्या काळांत एका क्लबांत मीं स्नूकर पुष्कळ पाहिलेला. तेव्हां आपणांस सारे नियम ठाऊक आहेत, अशी माझी समजूत होती. नातवाचा मार्ग एका चेंडूनें अडला होता. त्यानें क्यूची, म्हणजे त्या लांब निमुळत्या काठीची, मागची बाजू उंच उचलली आणि टोला दिला. पांढरा चेंडू उडाला आणि हवा तो चेंडू खिशांत गेला. मीं तत्काळ "फाउल!" म्हणून निकाल दिला, वर "असली लबाडी तुला शोभत नाहीं" असेंही चारचौघांत बोललों. मुलानें क्यू भिंतीशीं ठेविली व तो निमूटपणें निघून गेला. दोन दिवस त्यानें माझ्याशीं भाषण केलें नाहीं. तेव्हां मीं जुनीं-नवीं पुस्तकें चाळण्यास आरंभ केला.

बिलियर्ड्सच्या प्रारंभींच्या काळांत चेंडू जाड, चपट्या टोकाच्या काठीनें ढकलीत असत. पुढें निमुळती क्यू आली. पण तिचें लांकडी टोंक चेंडूवरून घसरे. त्यास चामड्याची टोपी बसविण्याचें श्रेय फ्रेंच पायदळांतील कॅप्टन मिंगो यास दिलें जातें. काळ सांगतात तो १८०७ च्या सुमाराचा. हा शोध त्यास बॅस्टीलच्या तुरुंगांत लागला, अशी आख्यायिकाही सांगितली जाते. पण बॅस्टील १७८९ सालींच लोकांच्या हातीं पडून जमीनदोस्त होऊं लागलें, हें शाळेंतील मुलांनाही ठाऊक असतें! आख्यायिका टाकून द्यावी. चामड्याचें टोंक मात्र खरें. त्यामुळें चेंडूच्या मध्याबाहेरही निर्धास्तपणें टोला देतां येऊं लागला. मिंगोनें १८२७ सालीं या खेळावर ग्रंथ लिहिला, आणि १८३० सालीं लंडनच्या जॉन थर्स्टननें त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. याच थर्स्टनच्या कारखान्यांत १८२६ च्या सुमारास टेबलाचा तळ लांकडाऐवजीं पाटीच्या दगडाचा होऊं लागला होता. चेंडूला उसळी घेण्यास असा कठीण, सपाट तळ फार सोयीचा.

१८३५ सालीं कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञानें बिलियर्ड्सच्या चेंडूंवर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. पृथ्वीच्या परिवलनामुळें वाऱ्यांची दिशा वळते, त्या परिणामास ज्याचें नांव आहे तोच हा पंडित. तिरप्या क्यूनें मध्यरेषेच्या बाजूस टोला बसला, तर घसरत जाणारा चेंडू सरळ न जातां अन्वस्ताची वक्र वाट धरतो, हें त्यानें गणितानें दाखविलें.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. १८७५ सालीं जबलपूरच्या लष्करी भोजनगृहांत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानें स्नूकर हा खेळ जुळविला, असें मानतात. प्रतिपक्षाच्या वाटेंत चेंडू आडवा ठेवून त्यास कोंडींत धरणें हें या खेळाचें मर्म. कोंडी उडी मारून सुटूं लागली, तर खेळाचा प्राणच जाईल. म्हणून एकदोन अपवाद सोडल्यास स्नूकरमध्यें दुसऱ्या चेंडूवरून उडी घेणें फाउल आहे. आपल्याकडील जिमखान्यांत इंग्रजी बिलियर्ड्स आणि स्नूकर रुजले. पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं हौशी बिलियर्ड्सचें जगज्जेतेपद मिळविलें, तेंही याच परंपरेंतून. माझ्यासारख्यांची दृष्टि तीच बनली.

अमेरिकेंत वाढलेल्या पूलचा न्याय निराळा आहे. त्यांतील नाइन-बॉल या प्रकारांत टेबलावरील सर्वांत लहान अंकाच्या चेंडूलाच प्रथम स्पर्श करावा लागतो. तो चुकला, तर प्रतिपक्षास पांढरा चेंडू हवा तेथें ठेवून खेळावयास मिळतो. एवढी जबर शिक्षा असलेल्या खेळांत अडलेल्यास उडीचा मार्ग मोकळा ठेविला आहे. मात्र टोला वरून खालीं बसला पाहिजे. चेंडूच्या तळाशीं क्यू घालून, चमच्यानें उचलावा तसा तो उडविणें पूलमध्येंही फाउलच.

या नियमांतच नेमाचें रहस्य आहे. चेंडू उडतो तो उचलल्यानें नव्हे, दाबल्यानें. तिरप्या टोल्यानें तो दगडी तळावर दाबला जातो आणि उसळतो. नवशिका येथें बळ वाढवितो. पण आधीं साधावयाची ती मध्यरेषा, कारण क्यू जितकी उभी तितकी कोरिओलिसची ती वक्र वाट फसवी. अडथळा जवळ असेल तर क्यू अधिक उभी धरावी, दूर असेल तर कमी. मूठ सैल आणि टोला आंखूड व झटक्याचा असावा, म्हणजे क्यू मागें सरकून उसळत्या चेंडूस वाट देते. याच कारणानें उडीसाठीं हलकी, आंखूड क्यू वापरतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें तिची लांबी ४० इंचांहून कमी असतां कामा नये. शेवटीं, लक्ष्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं चेंडू खालीं टेकावा. तो हवेंत असतांनाच आदळला, तर लक्ष्याच्या वरच्या अंगास लागतो, नेम चुकतो, आणि कित्येकदां चेंडू टेबलाबाहेर जातो.

एवढें वाचून झाल्यावर मला दिसलें कीं, माझ्या नातवानें यांपैकीं प्रत्येक गोष्ट बरोबर केली होती. महिनोन्महिने सराव केल्याशिवाय तें साधत नाहीं, आणि त्या सरावास मीं लबाडी म्हटलें होतें. मी त्याच्याकडे गेलों, आणि ज्या मित्रासमोर त्याला बोललों होतों त्याच्यासमोरच चूक कबूल केली. तो हंसून म्हणाला, "आजोबा, निकाल द्यायच्या आधीं कोणता खेळ चाललाय तेवढें विचारायचें!"

पस्तीस वर्षें मीं मुलांना इतिहास शिकविला. गेलेल्या काळांतील माणसांना त्यांच्या काळाच्या नियमांनीं पाहावें, असें मी वर्गांत नेहमीं सांगत असें. तें घरांत पाळण्यास मला साठी उलटावी लागली. अजून तो खेळतांना मी पंच म्हणून बसतों. पण आतां नियमांचें पुस्तक मांडीवर असतें.